दिव्याखालचा अंधार

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण इतक्या वेळा वापरतो की ती मुळात एका वस्तूविषयी आहे, याचा आपल्याला विसर पडला आहे. मास्तरांचा मुलगा नापास झाला, वैद्यबुवांच्या घरचा खोकला हटेना, की आपण ही म्हण फेकतो आणि मोकळे होतो. पण ज्याने ती प्रथम उच्चारली त्याने कोणाची थट्टा करण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी समईकडे नीट पाहिले असले पाहिजे. समईच्या वाती पेटल्या म्हणजे देव्हारा उजळतो, देवांचे टाक चमकतात, समोर बसलेल्या म्हातारीच्या नाकातली चमकीसुद्धा दिसते. दिसत नाही ती फक्त समईची बैठक. तेल धरून ठेवणारी जी वाटी, तिचीच सावली खाली पडलेली असते. तेल आहे म्हणून वाटी, वाटी आहे म्हणून सावली. अंधाराचा तेवढा तुकडा ही त्या उजेडाची किंमत होती, आणि ती दिव्यापासून वीतभर अंतरावर, डोळ्यांसमोर पडलेली असे.

हे सारे माझ्या मनात घोळू लागले ते शाळेतल्या एका उद्योगामुळे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच्या आठवड्यात मुलांचे चित्त अभ्यासात नसते. आणि खरे सांगायचे तर शिक्षकांचेही नसते. तेव्हा मी सातवीच्या मुलांकडून दिवे करून घेतो. पणत्या रंगवणे नव्हे. तो प्रकार हल्ली सगळीकडे चालतो आणि त्यात रंग पुष्कळ खर्च होतो. घरात जे आहे त्यातून, बाजारात पाऊल न टाकता, जळेल असा दिवा करायचा, एवढीच अट.

अट साधी दिसते, पण तिने मुलांची चांगलीच पंचाईत होते. कादंबरीत ‘तिने दिवा लावला’ असे तीन शब्द लिहिले की काम भागते. मी स्वतः अशी वाक्ये डझनांनी लिहिली आहेत. प्रत्यक्षात त्या तीन शब्दांच्या पोटात अर्ध्या तासाचे काम आहे. म्हणून कृती थोडी सविस्तर सांगतो. सुट्टीत नातवंडे घरी जमतील त्यांना ती उपयोगी पडेल.

काचेचा एक जाड पेला घ्यावा. तो निम्म्याहून अधिक पाण्याने भरावा आणि त्यावर दोन चहाचे चमचे गोडेतेल सोडावे. तेल पाण्याहून हलके, म्हणून ते वर तरंगते आणि पिवळी साय धरल्यासारखे पसरते. आता वात या तेलावर उभी राहिली पाहिजे. त्यासाठी बुचाची पातळ चकती कापावी, तिच्यावर पोळ्या गुंडाळण्याचा चांदीसारखा कागद बसवावा आणि दोहोंच्या मधोमध खिळ्याने भोक पाडावे. बूच हल्ली सहजी मिळत नाही, म्हणून मुले थर्माकोल आणतात. तो चालत नाही. उष्णतेने आक्रसतो आणि घाण वास सुटतो. बूच नसेल तर तांब्याची उघडी तार घ्यावी, तिचे एक टोक पेल्याच्या काठावर अडकवावे आणि दुसऱ्या टोकाला पेन्सिलीभोवती वेढे देऊन वात बसेल असे वळे करावे. एका मुलाने संत्र्याच्या अर्ध्या सालीचा दिवा करून आणला होता. सालीच्या आत मधोमध जो पांढरा देठ असतो तोच त्याने वात म्हणून ठेवला होता आणि सालीत तेल भरले होते. तो पेटायला फार रुसला, पण पेटल्यावर वर्गात असा काही वास दरवळला की शेजारच्या वर्गातली मुले दारात येऊन उभी राहिली.

वातीचे काम मुलींकडे द्यायची जुनी रीत मी मोडली आहे. मुलांनाही वाती वळाव्या लागतात, आणि त्यांच्या वाती पहिल्या दिवशी गांडुळासारख्या होतात. कापूस पिंजून त्यातली कणी काढायची, तळहाताला किंचित दूध किंवा राख लावायची आणि एकाच दिशेने वळत न्यायचे. घट्ट वळली तर तेल चढत नाही. सैल राहिली तर वात भसाभस जळून जाते. कितपत घट्ट, हे शब्दांत सांगता येत नाही. माझी आई अंधारात गप्पा मारता मारता शंभर वाती वळीत असे आणि त्या सगळ्या एकासारख्या एक उतरत. वात झाली की ती आधी तेलात पुरती भिजवायची आणि तिचे टोक तांदळाच्या दाण्याएवढेच वर ठेवायचे. टोक लांब राहिले की काजळी धरते.

तेल मात्र गोडेच हवे. रॉकेल किंवा स्पिरिट या कामाला कदापि नको. गोडेतेल थंड असताना ज्योत धरीत नाही. पेटते ती वातीच्या टोकाशी तापून झालेली तेलाची वाफ. आणि वातीतून तेल वर चढते ते केशाकर्षणाने, टिपकागदात शाई चढावी तसे. वात जळते असे आपण म्हणतो खरे, पण तेल मिळत आहे तोवर ती फार थोडी जळते. शिवाय आपल्या पेल्यात एक सोय आपोआप झालेली आहे. तेल संपत आले की वातीचे खालचे टोक पाण्याला टेकते, दिवा दोनदा तडतडतो आणि मालवतो. तरी लहान मुलांना दिव्यापाशी एकटे सोडू नये, आणि खिडकीच्या पडद्यापासून पेला दूर ठेवावा, हे सांगायला नकोच.

तळणीचे उरलेले तेल दिव्याला चालते का, असे दरवर्षी कोणीतरी विचारते. फडक्यातून दोनदा गाळून घेतले तर जळते. चकलीचा कण राहिला तर वात चरचरते. देवापुढच्या दिव्याला मात्र ते वापरू नये, असे आमच्या घरात होते. त्यावर एका मुलाने विचारले, “मग देवाला नको ते शाळेला कसं चालतं, गुरुजी?” मी त्याला सांगितले की शाळा कसलेही चांगले तेल वाया जाऊ देत नाही. त्याचे समाधान झाले की नाही, कोण जाणे.

गेल्या वर्षी या दिव्याचे आम्ही मोजमापही केले. मुलांनी पेल्यावर कागदाची पट्टी चिकटवून तेलाच्या रेघा मारल्या. दोन चमचे तेलाला सुमारे तीन तास लागले. मग फळ्यावर गणित मांडले. दोन चमचे म्हणजे साधारण नऊ ग्रॅम तेल. ते जळून जी उष्णता निघते ती सगळीच्या सगळी वीज होऊ शकली असती, तर नऊ वॉटचा एलईडीचा बल्ब तिच्यावर दहा तास चालला असता. वीजघरात उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेच्या रूपाने हाती येतो असे धरले, तरी तीन तास चाललाच असता. आणि उजेडात काय अंतर! मेणबत्तीचा प्रकाश बारा-तेरा ल्युमेन भरतो, बल्बाचा आठशे-नऊशे. म्हणजे तेवढ्याच इंधनात, तेवढ्याच वेळात, एका ज्योतीच्या जागी साठ-सत्तर ज्योती.

हा हिशेब पाहिल्यावर साधेपणाचे म्हणून जे गोडवे आपण तेलाच्या दिव्याचे गातो ते गाण्याची सोय उरत नाही. तेलाचा दिवा काटकसरी नाही. तो उधळ्या आहे. जाळलेल्या तेलाचा जवळजवळ सगळा भाग तो नुसती हवा तापवण्यात घालवतो. त्याच्या उजेडात आमच्या आज्यांनी तांदूळ निवडले आणि डोळे घालवले. आणि ‘घरगुती दिवा’ म्हणजे तरी काय? खेड्यापाड्यांत शाईच्या दौतीच्या नाहीतर औषधाच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून, त्यात चिंधीची वात घालून रॉकेलची चिमणी करीत. तीही घरात असलेल्या वस्तूंचीच. ती कलंडली की काय होई, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगण्याची गरज नाही.

श्रीलंकेत डॉ. विजय गोडकुंबुरा नावाचे एक शल्यचिकित्सक होऊन गेले. अशा बाटलीच्या दिव्यांनी भाजलेली माणसे त्यांच्याकडे सतत येत, बहुतेक बायका आणि मुले. डॉक्टरांचे काम जखमा बांधण्याचे. ते करून ते घरी जाऊ शकले असते. पण त्यांनी जखमेवरून मागे दिव्यापर्यंत माग काढला. बाटली उंच आणि हलकी असते म्हणून पडते. पडली की गोल असल्याने घरंगळते. आणि झाकण नुसते टेकवलेले असल्याने तेल सांडते. मार्माइट नावाच्या पदार्थाची एक बुटकी, जड बरणी मिळते, ती पाहून त्यांना युक्ती सुचली. त्यांनी बुटका, जाड काचेचा, दोन बाजूंनी चपटा आणि आट्यांच्या घट्ट झाकणाचा दिवा तयार केला. त्याचे नाव ‘सुदीप’. १९९८ साली या कामासाठी त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. दिव्याची किंमत अगदी थोडी होती. मला त्या दिव्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्यांच्या मागे वळून पाहण्याचे अप्रूप वाटते.

तेव्हा दिव्याकडे परत जा, असे सांगण्याचा माझा मुळीच मानस नाही. बल्ब आला हे फार चांगले झाले. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. समई जाऊन बल्ब आला तेव्हा दिव्याखालच्या अंधाराचे काय झाले? बल्ब छताला टांगलेला असतो. त्याच्याखाली अंधार नसतो. उलट तिथेच सर्वांत जास्त उजेड असतो. म्हणजे ती सावली नाहीशी झाली की कुठे दुसरीकडे जाऊन पडली?

ती कुठे पडली हे महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वीच कळले होते. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि सह्याद्रीवर पाऊस भरपूर पडतो. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. मुळशी पेट्यात नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरले तेव्हा पन्नासच्या आसपास गावांतली मावळातली भातजमीन पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला मावळे त्या जमिनीवर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्या सत्याग्रहाचे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती इथेच. सत्याग्रह तीन-चार वर्षे चालला आणि मोडला. धरण झाले, भिऱ्याचे वीजघर १९२७ साली चालू झाले, आणि मुंबईत दिवे लागले. ते दिवे लागायला हवे होते का? हो, लागायला हवे होते. गिरणगावातला कामगारही कुणा मावळ्याचाच मुलगा होता. पण मुळशीचा शेतकरी दिव्याची वाटी झाला, आणि सावली वीतभर अंतरावर न पडता घाटमाथ्यापलीकडे पडली. मुंबईतल्या दिव्याच्या बटनावर बोट ठेवणाऱ्याला ती दिसणे शक्यच नव्हते.

त्यानंतरची यादी मोठी आहे. कोयनेची वीज १९६२ पासून मिळू लागली. तिच्यासाठी उठवलेली गावे सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशी कुठे कुठे विखुरली, आणि त्यांच्या पुनर्वसनाची प्रकरणे पुढे कित्येक दशके कचेऱ्यांतून फिरत राहिली. विदर्भात कोळसा जळतो आणि त्याची राख तिथल्याच शेतांवर, तिथल्याच पाण्यात बसते. पण या सगळ्यांत मला चटका लावणारी हकीकत आहे ती नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगाव या आदिवासी गावाची. सातपुड्यातल्या या गावात वीज पोहोचली नव्हती. गावाजवळ एक धबधबा होता. गावकऱ्यांनी आणि बाहेरून आलेल्या काही तरुण अभियंत्यांनी मिळून त्या धबधब्यावर सुमारे पंधरा किलोवॅटचा छोटासा प्रकल्प उभारला. दगडमातीचे काम गावाने श्रमदानाने केले. २००३ साली बिलगावात दिवे लागले. माझ्या सातवीतल्या मुलांना घातलेली अटच त्या गावाने पाळली होती म्हणा ना! घरात जे आहे त्यातून दिवा करायचा. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचे पाणी वर चढले आणि तो प्रकल्प बुडाला. हजारो दिवे लावू पाहणाऱ्या धरणाने गावाने स्वतः लावलेला दिवा मालवला.

आता कोणी म्हणेल, दिवाळीच्या अंकात हे कशाला? फराळाच्या ताटात कारले वाढल्यासारखे आहे हे. आक्षेप खोटा नाही. आमचे एक सहशिक्षक, फार सज्जन गृहस्थ, मला गेल्या वर्षीच म्हणाले, “तुम्ही दिवा करून दाखवता ते ठीक, मुलांना हे बाकीचं कशाला सांगता? मुलांनी काय करायचं? बटण दाबायचं नाही का? त्यांनी बटण नाही दाबलं म्हणून मुळशीची जमीन वर येणार आहे का?”

या प्रश्नाला मी पुष्कळ दिवस गुंतून होतो. ज्या गोष्टीत आपल्याला काडीचा फरक करता येत नाही ती माहीत करून घेणे हे कर्तव्य आहे काय? नीतीचे जाणकार सांगतील की जिथे करण्याची शक्ती नाही तिथे करण्याचे बंधनही नाही. मला हे पटते. पण करणे आणि जाणणे ही दोन निरनिराळी खाती आहेत. माझ्या वडिलांनी एका शेजाऱ्याकडून बियाण्यासाठी पैसे घेतले होते आणि ते फेडायच्या आधीच तो शेजारी वारला. त्याच्यामागे कोणी नव्हते. फेडण्याची वाट बंद झाली. तरी वडिलांनी वहीतली ती नोंद खोडली नाही. दरवर्षी पाडव्याला वही नवी झाली की ती ओळ ते पुन्हा उतरून घेत. आईला ते चमत्कारिक वाटे. मला आज वाटते की त्या एका ओळीने त्यांना पुष्कळ गोष्टी करण्यापासून अडवले असेल. वारलेल्या शेजाऱ्याच्या बांधावर त्यांनी कधी नांगर सरकवला नाही. त्याच्याविषयी कोणी वाकडे बोलले तर ते उठून जात. कर्ज फिटले नाही; पण ते नाहीच असे धरून वागणे त्यांना जमले नाही.

आपल्याकडे दिव्याला नमस्कार करण्याची रीत आहे. दिवेलागणीला दिवा लागला की हात जोडायचे. बल्ब लागला तरी आमच्या पिढीचे हात आपोआप छातीशी जातात. फार चांगली रीत आहे ती. आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला तर घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात, त्यांची पूजा करतात आणि कणकेचे गोड दिवे करून खातात. पण नमस्कार ही कृतज्ञता झाली, आणि कृतज्ञतेत आकडा नसतो. ‘तुमचे उपकार कसे फेडू’ म्हणणारा माणूस पुष्कळदा उपकार किती होते ते मोजण्यातून सुटका करून घेत असतो. हाताने केलेल्या दिव्यापुढे मात्र नमस्कार आणि हिशेब एकाच जागी बसतात. तेल तुम्हीच ओतलेले असते. ते किती होते, किती उरले, हे पेल्याच्या काचेतून दिसत असते.

जुन्या काळी हा हिशेब गावाच्याही डोळ्यांपुढे असे. चाळीसगावजवळच्या पाटण या ठिकाणी तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापन केला. त्या मठाला मिळालेल्या दानांत घाण्यांकडून द्यायच्या तेलाचीही नोंद आहे, आणि ती जुन्या मराठीत आहे. त्या तेलावर कोणी सिद्धान्तशिरोमणी वाचला असेल. वाचणाऱ्याला घाणा दिसत होता, घाण्याचा बैल दिसत होता, आणि पळीभर तेल घेऊन येणारा तेलीही दिसत होता. तो काळ फार न्यायाचा होता असे मी म्हणत नाही. त्या तेल्याला मठात बसून गणित शिकता आले असते का, हा प्रश्न विचारला की त्या दिव्याखालचाही अंधार दिसू लागतो. फक्त तो जवळ होता. बघायचे ठरवले असते तर बघता आला असता.

आणि आजच्या आपल्या पेल्यातल्या तेलाचे काय? इथे माझा हा सारा युक्तिवाद जरा अडखळतो, आणि ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आमच्या कोकणातल्या नातेवाइकांकडे पूर्वी दिव्यासाठी उंडीचे तेल असे, इकडे देशावर करंजेल असे. परसातल्या नाहीतर गावाच्या शिवेवरच्या झाडाचे. आज वाण्याकडून पिशवी येते. भारतात लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते आणि त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा, इंडोनेशिया आणि मलेशिया या देशांतला. त्या तेलासाठी तिथे अफाट जंगले तुटली. म्हणजे ज्या दिव्याचा हिशेब मी डोळ्यांपुढे आहे म्हणून मिरवतो आहे, त्याची सावली सुमात्रा बेटावर पडलेली असायची! पेल्याच्या काचेतून तेलाची पातळी दिसते. तेल कुठून आले ते दिसत नाही. मुलांना मी पिशवीवरची बारीक अक्षरे वाचायला लावतो. भिंगाशिवाय ती वाचता येत नाहीत. भिंग शाळेत एकच आहे.

तेव्हा हाताने केलेला दिवा निष्पाप आहे असे मी म्हणणार नाही. त्याच्याकडून माझी अपेक्षा एवढीच आहे की तो संपावा. बल्ब संपत नाही; त्याचे बिल येते, आणि तेही महिन्याने. दिवा तुमच्या समोर संपतो. तीन तासांनी तडतडतो आणि मुले ‘अरेरे’ म्हणतात. त्या ‘अरेरे’मध्ये एक प्रश्न विचारायला जागा होते, जी झगझगीत उजेडात होत नाही.

यंदा मी त्या जागेचा फायदा घेतला. दिवे मालवल्यावर वर्गातला बल्ब लावला आणि म्हटले, “याचं तेल कुठून येतं ते शोधून आणा. तार धरून मागे मागे जा.” मुलांना असले गृहपाठ आवडतात, कारण त्यात गावभर हिंडता येते. पहिल्या दिवशी ती शाळेच्या मीटरपाशी थांबली. दुसऱ्या दिवशी डीपीपर्यंत गेली. वायरमन खांबावर होता, त्याने वरूनच सांगितले, “सबस्टेशनवरून.” सबस्टेशनवर तीन मुले सायकलने गेली. तिथले साहेब भले निघाले. त्यांनी मुलांना पाणी दिले, खुर्च्या दिल्या आणि समजावून सांगितले की वीज एकदा जाळ्यात मिसळली म्हणजे कोयनेची कोणती, चंद्रपूरची कोणती आणि पवनचक्कीची कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. सगळ्या ओढ्यांचे पाणी नदीत गेल्यावर ओंजळीतले पाणी कोणत्या ओढ्याचे, असे विचारण्यासारखे ते आहे. मुलांनी वहीत चार-पाच नावे लिहून आणली आणि त्यांच्यापुढे कंस करून ‘मिसळलेले’ असे लिहिले. उत्तर बरोबर होते. मी सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले.

वही परत घेताना मागच्या बाकावरची एक मुलगी रेंगाळली. फारशी बोलत नाही ती. म्हणाली, “गुरुजी, कोयना लिहिलंय ना यात, माझी आजी तिथलीच. ती पाच-सहा वर्षांची असताना त्यांचं गाव उठलं. पाण्याखाली घर आहे म्हणते तिचं.”

आमच्या शाळेपासून चार-पाच किलोमीटरवर धरणग्रस्तांची वस्ती आहे, हे मला अर्थात ठाऊक होते. शाळेच्या हजेरीपटावर त्या वस्तीतली नावे दरवर्षी असतात. मुले तार धरून सबस्टेशनपर्यंत गेली होती, आणि तारेचे दुसरे टोक वर्गातल्या मागच्या बाकावर बसलेले होते.

मी त्या मुलीला विचारले, आजी शाळेत येतील का, मुलांना काही सांगतील का. दुसऱ्या दिवशी निरोप आला. दिवाळी होऊ दे म्हणाल्या, घरात लेकी आल्या आहेत, भाऊबीज झाली की येते. सांगण्यासारखे काय आहे ते त्यांना कळत नाही, पण गावाचे नाव, देवळाचे नाव आणि आंब्याच्या झाडांची नावे येतात म्हणाल्या. झाडांनाही नावे होती. आणि खुर्ची ठेवू नका, मी मुलांत खालीच बसेन, असेही त्यांनी बजावून सांगितले आहे.